नारळ द्यायची घाई करू नका

डेट्रॉईट परिसरातल्या माझ्या मराठी लायन्सप्रेमी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

४ जानेवारीच्या रविवारी लायन्सनी, म्हणजे आपल्या डेट्रॉईटच्या अमेरिकन फुटबॉल संघाने, शिकागोत बेअर्सना हरवलं आणि २०२५चा मोसम ९-८ वर (नऊ विजय, आठ पराभव) संपला. प्लेऑफचं, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीचं, दार त्याआधीच, नाताळच्या दिवशी मिनेसोटात बंद झालं होतं. ४ जानेवारीच्या संध्याकाळी आपल्या ग्रुपवर मतचाचणी आली: हेड कोच डॅन कॅम्पबेल राहावेत की जावेत? रात्री पाहिलं तर 'जावेत'चं पारडं जड होतं. कुणी लिहिलं होतं, 'पाच वर्षं पुष्कळ झाली.' कुणी नारळाचं चित्र टाकलं होतं, आणि त्या चित्राला सगळ्यांत जास्त अंगठे मिळाले होते.

मी त्या रात्री मत दिलं नाही, कारण एका शब्दात मावेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते आज सविस्तर लिहिते आहे. मोठ्यांनी आणि धाकट्यांनी दोघांनीही शेवटपर्यंत वाचावं, एवढी विनंती.

त्या रविवारनंतरच्या सोमवाराला या खेळात 'ब्लॅक मंडे' म्हणतात. साखळी सामने संपतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून हेड कोचना घरी पाठवण्याच्या बातम्या सुरू होतात. यंदा त्याच आठवड्यात बाल्टिमोरने जॉन हार्बॉ यांना मोकळं केलं. अठरा मोसम सांभाळलेला, सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिलेला माणूस! बत्तीस संघांच्या या लीगमध्ये हेड कोचची खुर्ची म्हणजे अळवावरचं पाणी, हे सगळेच जाणतात. पण ते पाणी हलवायला आपलाही हात लागतो, हे आपण मनावर घेत नाही. स्टेडियममधल्या घोषणा, फलक, रिकाम्या खुर्च्या आणि आपल्यासारख्या हजारो ग्रुपांवरचा संताप, हे सगळं मालकांच्या कानावर जातं. निर्णय त्यांचाच असतो, पण लोकांना हेच हवं होतं असं म्हणायची सोय आपण करून देतो.

मी २००३ मध्ये मिशिगनला आले. हा खेळ कळायला मला पाच वर्षं लागली, आणि नीट कळला तो मोसम नेमका २००८चा निघाला. सोळा सामने, सोळा पराभव. सोळा सामन्यांच्या मोसमात तोवर असं कुणाचंच झालं नव्हतं. माझा मुलगाही त्याच वर्षीचा. त्याला मांडीवर घेऊन मी ते सामने पाहिले आहेत.

त्याच हिवाळ्यात इथला गाड्यांचा धंदा कोसळला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या कोर्टात पोहोचल्या होत्या. मी तेव्हा सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत होते. चौदा महिन्यांत आमच्या विभागाने तीन मॅनेजर पाहिले. पहिले जे होते त्यांनी भागांच्या चाचण्यांची एक पद्धत बसवायला घेतली होती. फळ दोन वर्षांनी दिसेल असं ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. दोन तिमाहींचे आकडे वाईट आले आणि एका शुक्रवारी दुपारी ते गेले. त्यांच्याबरोबर त्यांनी आणलेली चार माणसंही गेली. त्यांतला एक आपला साताऱ्याकडचा मुलगा होता, एच-वन-बी व्हिसावर. नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला मिळते ती साठ दिवसांची सवलत तेव्हा नव्हती. तीन आठवड्यांत त्याने घरातलं सामान विकलं आणि बायको-मुलीला घेऊन परत गेला. तिसरे मॅनेजर आले आणि त्यांनी तीच चाचण्यांची पद्धत नवं नाव देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मधला सगळा वेळ वाया गेला.

हे मी विसरले नाही. म्हणूनच 'कोच बदला, सगळं सुरळीत होईल' हे वाक्य ऐकलं की माझा जीव घाबरा होतो. तुमच्यापैकी कितीजणांनी तो हिवाळा इथेच काढला आहे, तुम्हाला मी वेगळं काय सांगू?

आता आपल्याच संघाची गोष्ट आठवून पाहा. १९९६चा मोसम संपल्यावर वेन फॉन्ट्स यांना काढलं. लायन्सना प्लेऑफमधला तोवरचा शेवटचा विजय जानेवारी १९९२ मध्ये मिळाला होता, तो त्यांच्याच हाताखाली. फॉन्ट्स यांच्यानंतर बॉबी रॉस, गॅरी मोलर, मार्टी मॉर्नहिनवेग, स्टीव्ह मारियुची, रॉड मारिनेली, जिम श्वार्ट्झ, जिम कॉल्डवेल, मॅट पॅट्रिशिया. अधूनमधून हंगामी म्हणून बसवलेले वेगळे. चोवीस वर्षांत इतके कोच आले आणि प्लेऑफमधला एकही विजय मिळाला नाही. कोच बदलल्याने संघ सुधारत असता तर आपण या लीगचे सम्राट व्हायला हवे होतो.

या यादीच्या मध्यावर एक माणूस आहे जो कोच नव्हता. मॅट मिलन. २००१च्या सुरुवातीला त्यांच्या हाती संघाचा सगळा कारभार दिला. याआधी असं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. ते खेळाडू होते आणि नंतर टीव्हीवरचे समालोचक. खेळाडू कोण घ्यायचे, कोच कोण आणायचा, सगळं त्यांच्या हाती. ड्राफ्टमधल्या, म्हणजे संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्यातल्या, पहिल्या फेरीच्या मौल्यवान निवडी त्यांनी वर्षामागून वर्ष वाइड रिसीव्हरवर घालवल्या: २००३ मध्ये चार्ल्स रॉजर्स, २००४ मध्ये रॉय विल्यम्स, २००५ मध्ये माइक विल्यम्स. चेंडू पकडणारे आणत राहिले, पण चेंडू फेकणाऱ्याला वाचवणारी फळी मात्र उभी राहिली नाही. मॉर्नहिनवेग ५-२७ करून गेले. मारियुचींना २००५च्या थँक्सगिव्हिंगनंतर काढलं. मारिनेली ०-१६ च्या ओझ्याखाली गेले. मिलन मात्र सप्टेंबर २००८ पर्यंत खुर्चीवर होते, आणि त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब ३१ विजय, ८४ पराभव असा लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती याहून वेगळी काय असते? लायन्सच्या स्टेडियममध्ये, फोर्ड फील्डवर, तेव्हा 'फायर मिलन'चे (मिलनना काढा) फलक झळकत होते हे खरं, आणि त्या प्रेक्षकांचा नेम बरोबर होता हेही मान्य. पण मालकांना ते ऐकू यायला साडेसात वर्षं लागली आणि तोवर त्या फलकांची किंमत कोच मोजत होते.

म्हणून माझं पहिलं मागणं असं आहे की संघ हरला तर आधी विचारा, खेळाडू कुणी निवडले, आणि कोचला ते घडवायला किती दिवस मिळाले?

हा दिवसांचा हिशेब मुलाने मला एकदा कागदावर मांडून दाखवला होता, तोच सांगते. नवा हेड कोच येतो तेव्हा त्रेपन्न जणांच्या संघातले बहुतेक खेळाडू आधीच्या माणसाने, आधीच्या पद्धतीसाठी घेतलेले असतात. ड्राफ्ट वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये. तिथे घेतलेल्या पोराचा पहिला करार चार वर्षांचा असतो, आणि तो खरा कसा आहे हे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळतं. खेळाडूंच्या पगारावर लीगची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे आधीच्याने केलेले महागडे करार नव्या माणसाला एका झटक्यात टाकताही येत नाहीत. पहिलं वर्ष दुसऱ्याचं घर झाडण्यात जातं, दुसऱ्यात भिंती उभ्या राहतात आणि तिसऱ्यात कुठे आपलं घर दिसायला लागतं. पहिल्याच वर्षी निकाल मागणं म्हणजे पी हळद आणि हो गोरी.

आता कॅम्पबेल. २०२१ मध्ये ते आले तेव्हा त्यांना सहा वर्षांचा करार मिळाला होता. आपल्यापैकी पुष्कळजण तेव्हा म्हणाले होते, हा बडबड्या गडी किती टिकतो पाहू. ते स्वतः लायन्सकडून खेळलेले. २००८च्या त्या संघातही होते, दुखापत होऊन बाहेर बसलेले. आल्या आल्या आपला चेंडू फेकणारा (क्वार्टरबॅक) मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिसच्या रॅम्सकडे गेला आणि बदल्यात त्यांचा क्वार्टरबॅक जेरेड गॉफ व ड्राफ्टमधल्या निवडी मिळाल्या. त्यांतल्या पहिल्या फेरीच्या दोन पुढच्या वर्षांच्या होत्या, २०२२ आणि २०२३च्या. संघाने सरळ सांगितलं होतं की हे पीक उशिरा येणार आहे.

आणि मोसम सुरू झाला. आठ पराभव. मग पिट्सबर्गशी १६-१६ अशी बरोबरी. मग आणखी पराभव. ०-१०-१.

५ डिसेंबर २०२१चा रविवार मला मिनिटामिनिटाने आठवतो. आदल्या मंगळवारी आपल्याच काउंटीत, ऑक्सफर्डच्या हायस्कूलमध्ये गोळीबार होऊन चार मुलं गेली होती. त्या आठवड्यात धमक्यांमुळे कितीतरी शाळा बंद राहिल्या. माझा तेरा वर्षांचा मुलगा दोन दिवस खोलीबाहेर फारसा आला नव्हता. रविवारी तो माझ्या शेजारी सोफ्यावर येऊन बसला. शेवटच्या खेळीला, घड्याळ शून्यावर जाताना, गॉफने अमॉन-रा सेंट ब्राऊनकडे चेंडू फेकला आणि लायन्स २९-२७ जिंकले. मोसमातला पहिला विजय, तोही डिसेंबरात. सामन्यानंतर कॅम्पबेल पत्रकारांसमोर आले, गेलेल्या आणि जखमी झालेल्या मुलांची नावं त्यांनी एकेक करून घेतली आणि हा विजय ऑक्सफर्डच्या लोकांसाठी असल्याचं सांगितलं. माझा मुलगा रडला. त्या क्षणी त्यांच्या नावासमोर १-१०-१ लिहिलेलं होतं. नुसत्या त्या आकड्यावर माणूस जोखायचा ठरवला असता तर दुसऱ्याच दिवशी नारळ द्यायला हवा होता.

पुढच्या मोसमाची सुरुवात पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॅलसकडून २४-६ ने हरून १-५ झाल्यावर मालकीणबाई शीला फोर्ड हॅम्प स्वतः सरावाच्या मैदानावर पत्रकारांसमोर आल्या. आपण मुळापासून नवी उभारणी करतो आहोत, यातून आपण पार पडू, कॅम्पबेल आणि जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स यांच्यावर आपला विश्वास आहे, असं त्यांनी सांगितलं. चारच दिवसांनी मायामीकडून हरून १-६ झालं. मंडळी, त्या रात्री आपल्याच ग्रुपवर काय काय लिहिलं होतं ते वर सरकवून पाहा. मीही लिहिलं होतं. 'आता बास' एवढे दोनच शब्द, पण लिहिले होते, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. हॅम्पबाईंनी आपलं ऐकलं नाही. उरलेल्या दहांपैकी आठ सामने लायन्सनी जिंकले. शेवटचा लॅम्बो फील्डवर, ग्रीन बेला २०-१६ ने हरवून. त्या दिवशी आपलं प्लेऑफ सामना सुरू होण्याआधीच हुकलं होतं, तरी पोरं अशी खेळली की जणू अंतिम सामना आहे.

१-६ वर कॅम्पबेल गेले असते तर २०२३चा ड्राफ्ट दुसऱ्या कोचसाठी झाला असता. त्या ड्राफ्टमधून जमीर गिब्ज आला, सॅम लापोर्टा आला, ब्रायन ब्रँच आला. त्या मोसमात १२-५. १४ जानेवारी २०२४ ला फोर्ड फील्डवर रॅम्सना २४-२३ ने हरवलं, समोर स्टॅफर्ड होता, आणि बत्तीस वर्षांनी प्लेऑफमधला सामना जिंकला. पुढच्या मोसमात १५-२. रॅम्सना हरवलं त्या रात्री नोव्हायच्या त्या बेसमेंटमध्ये जे जे होते त्यांना आठवत असेल, एक काका सोफ्यावर बसून नुसते डोळे पुसत होते. त्यांनी १९९२चा विजयही पाहिला होता.

गेल्या वर्षी ९-८ झालं, हे मला गोड वाटलेलं नाही. पण आक्रमण आणि बचाव सांभाळणारे दोन्ही सहायक कोच (कोऑर्डिनेटर) एकाच जानेवारीत हेड कोच होऊन गेले, बेन जॉन्सन शिकागोला आणि ॲरन ग्लेन न्यूयॉर्कला. फळीचा कणा असलेला सेंटर फ्रँक रॅग्नाउ जूनमध्ये निवृत्त झाला. लापोर्टा नोव्हेंबरात आणि ब्रँच डिसेंबरात दुखापतीने बाहेर गेले. कॅम्पबेल यांच्या चुका नाहीत असं मी म्हणत नाही. जॉन्सनच्या जागी नेमलेल्या माणसाचं जमलं नाही आणि मोसमाच्या मध्यावर खेळी ठरवण्याचं काम कॅम्पबेलना स्वतःकडे घ्यावं लागलं. ती निवड त्यांचीच होती. फोर्थ डाउनला, म्हणजे चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नाला, त्यांनी धोका पत्करला की माझ्याही पोटात गोळा येतो; सॅन फ्रान्सिस्कोत २४-७ ची आघाडी घालवून हरलो ती संध्याकाळ मी अजून विसरले नाही. पण पाच मोसमांचा हिशेब ४८ विजय, ३६ पराभव, एक बरोबरी असा आहे आणि शेवटचे चारही मोसम पराभवांपेक्षा विजय जास्त. डेट्रॉईटमध्ये हे शेवटचं कधी पाहिलं होतं?

ग्लेन यांचं न्यूयॉर्क जेट्समधलं पहिलं वर्ष ३-१४ गेलं. तेव्हा ग्रुपवर सगळे म्हणत होतात, 'बिचाऱ्याला वेळ द्या, संघच तसा आहे.' अगदी खरं बोललात. मग ३-१४ ला जो न्याय, तो ९-८ ला का नाही?

एक नाव मुद्दाम मागे ठेवलं होतं. जिम कॉल्डवेल. २०१४ ते २०१७ या चार मोसमांत ३६ विजय, २८ पराभव, दोनदा प्लेऑफ. आवाज न चढवणारा, शिस्तीचा, सभ्य माणूस. २०१७ला ९-७ झालं आणि नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी त्यांना घरी पाठवलं. तेवढं पुरेसं नाही, असा जनरल मॅनेजर बॉब क्विन यांचा सूर होता. मग क्विन यांनी न्यू इंग्लंडमधले आपले जुने सहकारी मॅट पॅट्रिशिया यांना आणलं. तिसरा मोसम पुरा व्हायच्या आत, थँक्सगिव्हिंगच्या पराभवानंतर, १३-२९-१ वर दोघांचीही हकालपट्टी झाली. आगीतून फुफाट्यात. त्यातही कॉल्डवेल यांच्या वेळी आग लागलेलीच नव्हती.

कॉल्डवेल कृष्णवर्णीय आहेत. त्यानंतर त्यांना कुठल्याही संघाने हेड कोच केलेलं नाही. हे मी सहज सांगत नाही आहे. २००२च्या जानेवारीत टँपाने टोनी डंजी यांना काढलं, मिनेसोटातून डेनिस ग्रीन गेले. दोघेही जिंकणारे कोच, दोघेही कृष्णवर्णीय. त्यावर आवाज उठला आणि २००३ मध्ये रूनी नियम आला: हेड कोच नेमताना किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायलाच हवी. तो मोडल्याचा पहिला दंड कुणाला झाला आठवतं? आपल्यालाच. मारियुचींना नेमताना दुसऱ्या कुणाची खरी मुलाखत न घेतल्याबद्दल मिलन यांना दोन लाख डॉलर. डंजी पुढे इंडियानापोलिसला गेले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये सुपर बोल जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय हेड कोच ठरले. ह्यूस्टनने २०२१ला डेव्हिड कली आणि २०२२ला लव्ही स्मिथ यांना एकेका मोसमानंतर काढलं. मायामीने २०२२च्या जानेवारीत ब्रायन फ्लोरेस यांना काढलं, ९-८ वर, आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी लीगवर वर्णभेदाचा खटला भरला. तो अजून चालू आहे. लीगचं म्हणणं होतं की हा वाद कमिशनरसमोरच्या लवादात सुटावा. ऑगस्ट २०२५ मध्ये अपील कोर्टाने ते मानलं नाही. मालकांचाच कमिशनर न्यायाधीश असेल तर दाद मागायची कुठे?

आपण या देशात रंगाने, उच्चाराने, नावाने वेगळे म्हणून ओळखले जातो. एका चुकीची किंमत आपल्याला शेजाऱ्यापेक्षा जास्त पडते, हा अनुभव आपल्या ग्रुपातल्या निम्म्या घरांत तरी असेल. कॉल्डवेल गेले तेव्हा आपण गप्प बसलो. मीही गप्प बसले. 'बरं झालं, आता नवं काहीतरी' असंच सगळ्यांना वाटलं होतं.

लीगमधली जुनी उदाहरणं तुम्हाला ठाऊक आहेत, थोडक्यात आठवण देते. पिट्सबर्गने १९६९ मध्ये चक नोल यांना नेमलं. पहिला सामना ते जिंकले, आपल्याच लायन्सविरुद्ध, १६-१३. पुढचे तेराच्या तेरा हरले. आजच्या काळात ते उरले असते का? पिट्सबर्गने ठेवलं आणि त्यांनी चार सुपर बोल दिले. १९६९ ते २००६ त्या संघाला दोनच हेड कोच पुरले. डॅलसमध्ये टॉम लँड्री यांचा पहिला मोसम ०-११-१ गेला. चार वर्षांनंतरही काही दिसेना तेव्हा लोक हाकला म्हणत होते, आणि मालकाने १९६४ मध्ये त्यांना उलट दहा वर्षांची वाढ दिली. पुढे वीस मोसम सलग विजयाच्या बाजूने. बिल वॉल्श पहिल्या वर्षी २-१४, तिसऱ्या वर्षी सुपर बोल.

माझ्याविरुद्ध जाणारं उदाहरणही आहे आणि ते लपवणं बरं नाही. न्यू इंग्लंडने जेरॉड मेयो यांना एका मोसमानंतर, ४-१३ वर, काढलं. माइक व्रेबल आले आणि पहिल्याच वर्षी १४-३. कुणी म्हणेल, बघा, काढल्याने भलं झालं. झालं खरं. पण मेयोंना काढताना मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनीच कबूल केलं होतं की त्यांना अवघड जागी बसवण्यात चूक आपली होती. चूक मालकाची आणि नोकरी मेयोंची गेली. आणि ज्या टेनेसीने व्रेबल यांना काढलं होतं, त्यांनी त्यांच्यानंतर आणलेला कोचही ऑक्टोबर २०२५ मध्ये, दुसऱ्या मोसमाच्या सहा सामन्यांनंतरच काढला. कधी काढावंच लागतं, हेही मला मान्य आहे. जॅक्सनव्हिलमध्ये अर्बन मायर तेरा सामन्यांत गेले ते बरंच झालं. माणूस खेळाडूंशी नीट वागत नसेल, ड्रेसिंग रूमचा त्याच्यावरचा विश्वास उडाला असेल, तर एक दिवसही ठेवू नका. तो प्रश्न आकड्यांचा नसतोच. आणि तसं काही डेट्रॉईटमध्ये आहे असं त्या दिवशी मत देणाऱ्या कुणीही म्हटलेलं नाही.

'त्यांना कोट्यवधी डॉलर मिळतात, काढलं तरी कराराचे पैसे मिळतात, मग कळवळा कशाला?' हा प्रश्न एका दादांनी मागे विचारला होता. त्यांचं म्हणणं खरं आहे. हेड कोचच्या घरी चूल विझत नाही. पण त्याच्यामागे वीसहून जास्त सहायक असतात: लाइनचा कोच, बॅकफिल्डचा कोच, रात्री दोनपर्यंत फिल्म कापत बसणारी पंचविशीतली पोरं. त्यांचे करार छोटे आणि पगार त्या मानाने कितीतरी कमी. नवा हेड कोच आपली माणसं घेऊन येतो आणि हे सगळे एका आठवड्यात रस्त्यावर येतात. खेळाडूंना युनियन आहे, लीगशी सामूहिक करार आहे. कोचना तसं काही नाही. ब्लॅक मंडेला त्यांच्या बायका पुन्हा नव्या गावात घर शोधायला लागतात आणि मुलं शाळेच्या वर्षाच्या मध्यावर दप्तर आवरतात. मला ते वाचताना साताऱ्याच्या त्या मुलाची आठवण येते. त्याची मुलगी तेव्हा पहिलीत होती.

मालकांना मात्र हे सगळं परवडतं. ग्रीन बे हा भागधारकांच्या मालकीचा एकमेव संघ, त्यामुळे त्यांचे हिशेब दरवर्षी उघड होतात. लीगच्या सामायिक उत्पन्नातून एकट्या त्यांच्या वाट्याला २०२४च्या हिशेबात ४० कोटी डॉलरहून जास्त आले, आणि तेवढाच वाटा प्रत्येक संघाला. २०२३ पासूनचे टीव्हीचे करार मिळून १०० अब्ज डॉलरच्या वर आहेत. संघ हरला तरी हा पैसा येतो. मग कोचला काढणं हा मालकासाठी सगळ्यांत स्वस्त उपाय ठरतो. कराराचे उरलेले पैसे फेकायचे, नवा चेहरा आणायचा, आणि लोकांचा राग आणखी दोन वर्षं पुढे ढकलायचा. लोकांचा राग म्हणजे आपलाच राग, मंडळी. तो आपण इतक्या स्वस्तात विकू नये.

आपल्याकडे नारळ हातात देतात तो मानाने. शाळेतून निवृत्त होणाऱ्या गुरुजींना शाल आणि श्रीफळ देतो, घरी आलेल्या सवाष्णीची ओटी भरतो. कॅम्पबेल कधीतरी जातीलच. तेव्हा तो नारळ तशा मानाने दिला जावा असं मला वाटतं. ग्रुपवर तो चित्र म्हणून फेकलेला पाहून मला वाईट वाटलं.

आता नेमकं काय मागते आहे ते सांगते. ती मतचाचणी ॲडमिनने काढून टाकावी. फोर्ड फील्डवर कुणी 'फायर' ओरडायला लागलं तर आपल्या रांगेने त्यात सूर मिसळू नये. आपल्या वीस-पंचवीस खुर्च्या तरी गप्प राहोत. नवा कोच कुठल्याही संघात आला तरी पूर्ण तीन मोसम त्याच्याबद्दल हा प्रश्न विचारू नये. आणि पुढच्या वेळी कॉल्डवेलसारखं कुणाचं झालं तर क्लबला पत्र लिहायचं. मसुदा मी करते, सह्या तुम्ही करा. सव्वीस घरं आहोत आपण.

जुलैअखेर ॲलन पार्कला सराव सुरू होईल. मुलगा यंदा कॉलेजला जाणार, त्याआधी एक दिवस तिथे जायचं आम्ही ठरवलं आहे. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. डबा माझ्याकडून: दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही. ज्यांनी 'जावेत'वर अंगठा दिला त्यांनी आधी कळवा.

तुमची,
नोव्हायची एक लायन्सप्रेमी